काटा पावावर, गाडी बंद: डिझेल गेलं कुठे?

पत्र सोरतापवाडीहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून ते देत नाही. पत्र थोडं कमी करून आधी देतो.

«आमची रोपवाटिका सोलापूर रस्त्यावर आहे. रोपं, कुंड्या, माती पोचवायला २००८ सालची डिझेल पिकअप आहे, सासऱ्यांनी घेतलेली. ती चालवतात काका, तेही सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. सासरे गेल्यावर हिशोब माझ्याकडे आला आणि बाहेरचं काम धाकटे दीर बघतात. दिरांचं म्हणणं आहे की काका डिझेल काढून विकतात. टाकी फुल केली की साडेतीनशे किलोमीटर होईपर्यंत काटा अर्ध्याच्या खाली येत नाही. त्यानंतर मात्र साठ किलोमीटरमध्ये अर्ध्यावरून पावावर येतो. पुस्तकात टाकी ५५ लिटरची लिहिली आहे, म्हणजे पाव टाकी जवळजवळ चौदा लिटर. साठ किलोमीटरला चौदा लिटर कुठली गाडी खाते? काकांना विचारलं तर ते म्हणाले काटाच खोटा आहे, शिंदवणे घाट चढताना वर जातो आणि उतरताना खाली येतो. दिरांना ती पळवाट वाटली.

गेल्या महिन्यात बाणेरच्या एका सोसायटीची रोपं घेऊन काका निघाले आणि लोणी काळभोरच्या अलीकडे गाडी बंद पडली. काटा पावाच्या जरासा खाली होता. फुल केल्यापासून ५७० किलोमीटर झाले होते. मेकॅनिक म्हणाला डिझेल संपलंय. कॅनमधून ५ लिटर आणून ओतलं, एअर काढली, गाडी चालू झाली. चार किलोमीटरवर पंप होता. तिथे नेहमीसारखी तोंडापर्यंत टाकी भरली तर ५३ लिटर बसलं. ५ आणि ५३, म्हणजे ५८ लिटर, आणि टाकी तर ५५ ची! आता दीर म्हणतात पंपवालाही लुबाडतो. काकांना काढून टाकायचं घरात ठरत आलंय. माझं मन घेत नाही. काय करावं? की गाडीच विकून टाकावी? दोन वर्षांपूर्वी टाकी गंजून गळायला लागली म्हणून भंगारवाल्याकडची दुसरी बसवली होती, बाकी मोठं काम काही नाही.»

ताई, काकांना काढू नका. निदान या कारणावरून तरी नाही. तुम्ही पत्रात आकडे इतके नीट दिलेत की उत्तराचा मोठा भाग तुमच्याच पत्रात आहे. आधी तो हिशोब मांडू.

मागच्या वेळी टाकी तोंडापर्यंत भरली होती. ती पूर्ण संपली. मग पुन्हा तोंडापर्यंत भरली. या दोन भरण्यांच्या मध्ये गाडी ५७० अधिक पंपापर्यंतचे ४, असे ५७४ किलोमीटर चालली आणि ५८ लिटर डिझेल गेलं. ५७४ भागिले ५८ म्हणजे लिटरला जवळजवळ ९.९ किलोमीटर. पंधरा वर्षांहून जुनी पिकअप, पाठीवर माती आणि कुंड्या, हडपसरची गाडीतळाजवळची कोंडी, मग पुढे शहर ओलांडून बाणेर. अशा कामाला लिटरमागे दहाच्या आसपास ॲव्हरेज मिळत असेल तर मला त्यात चोरीचा वास येत नाही.

आता हाच ॲव्हरेज काट्याच्या घरांवर मांडून बघा. फुलपासून अर्ध्यापर्यंत साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे ३५ लिटर. अर्ध्यावरून पावावर साठ किलोमीटर, म्हणजे ६ लिटर. पावापासून गाडी बंद पडेपर्यंत उरलेले १६० किलोमीटर, म्हणजे १६ लिटर. बेरीज ५७ ला जाते, पंपापर्यंतचे चार किलोमीटर धरले की ५८ जुळतात. तुमच्या गाडीत काट्याचं «अर्धं ते पाव» म्हणजे सहाच लिटर डिझेल आहे. दिरांनी तिथे चौदा धरले, सगळा घोळ त्या आठ लिटरांचा आहे.

दिरांचा हिशोब खरा मानला तर दुसरी एक अडचण येते. काट्याची चारही घरं सारखी असतील तर वरची अर्धी टाकी साडेसत्तावीस लिटरची झाली, आणि त्यावर गाडी साडेतीनशे किलोमीटर गेली, म्हणजे लिटरला पावणेतेरा. ओझ्याच्या जुन्या पिकअपला शहरात तेवढं मिळत नाही. खालच्या अर्ध्यात काका डिझेल काढतात असं म्हणायचं, तर वरच्या अर्ध्यात ते पदरचं डिझेल घालतात असंही म्हणावं लागेल. दिरांनी एका घराकडे पाहिलं, चारही घरं एकत्र पाहिली नाहीत.

हेही स्पष्ट सांगतो की एका टाकीच्या हिशोबावरून कोणाच्याही प्रामाणिकपणाचा दाखला मिळत नाही. त्यासाठी आणखी दोन-तीन टाक्या मोजाव्या लागतील, कशा ते पुढे लिहितो. पण काकांवरचा आजचा आरोप फक्त काट्याच्या चालीवर उभा आहे, आणि ती चाल दुसऱ्याच कारणाने तशी आहे.

ते कारण तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: भंगारवाल्याकडची टाकी.

डिझेलचा काटा लिटर मोजत नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत जसा फुगा तरंगतो, तसा डिझेलच्या टाकीत एका दांडीच्या टोकाला फ्लोट असतो. पातळी उतरली की फ्लोट उतरतो, दांडी फिरते, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची पत्ती एका रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकते. विजेला होणारा अडथळा त्यामुळे कमी-जास्त होतो आणि डॅशबोर्डावरचं मीटर त्यावरून काटा हलवतं. या अख्ख्या जोडणीला कोणी सेंडर म्हणतं, कोणी टँक युनिट, गॅरेजमध्ये बहुतेक जण नुसतंच «फ्लोट» म्हणतात. म्हणजे काटा दाखवतो ती उंची, आणि तीही टाकीतल्या एका जागेची. टाकी चौकोनी डब्यासारखी असती तर उंचीवरून लिटर काढता आले असते. पण पिकअपची टाकी चासीच्या कडेला, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर आणि चाकं यांना जागा देत बसवलेली असते. तिला कुठे खाच, कुठे उतार, कुठे निमुळता तळ. वरच्या एका इंचात जितके लिटर मावतात तितके तळाच्या इंचात मावत नाहीत.

कारखान्यात सेंडर त्या टाकीसाठी बनवतात. दांडीची लांबी, तिचा बाक, पट्टीचे ओहम (म्हणजे विजेच्या अडथळ्याचं माप), सगळं त्या टाकीच्या खोलीला आणि त्या मीटरला जुळवलेलं असतं. दुसऱ्या मॉडेलची टाकी तिच्या सेंडरसकट बसवली, किंवा नव्या टाकीत जुना सेंडर घातला, की हा मेळ जातो. तुमच्या गाडीची लक्षणं बघा: काटा बराच वेळ वर अडून राहतो, मधल्या थोड्याशा डिझेलमध्ये झपकन उतरतो, आणि पावापाशी येऊन पुन्हा अडतो, टाकी कोरडी झाली तरी. दांडी टाकीच्या खोलीपेक्षा आखूड असली की असंच होतं. डिझेल वर असताना फ्लोट त्याच्या वरच्या अडणीला टेकून बुडालेला राहतो. पातळी मधल्या पट्ट्यात आली की दांडीचा सगळा प्रवास तिथेच उरकतो. मग फ्लोट खालच्या अडणीवर टेकतो आणि त्याच्याखाली सोळा लिटर डिझेल असलं काय नि नसलं काय, काट्याला ते कळत नाही. दांडी वाकलेली असली तरी चित्र जवळजवळ हेच दिसतं. माझा अंदाज या दोहोंपैकी एकाचा आहे, आणि टाकी बदलल्याचं वाचल्यावर पहिल्याचा जास्त.

ओहमचा फरकही असू शकतो. बाजारात सेंडर वेगवेगळ्या रेंजचे मिळतात. काहींत रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम, तर काहींत उलट, रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. मीटर एका रेंजचं आणि सेंडर दुसऱ्या रेंजचा असला तर काटा हलतो, पण त्याच्या हलण्याला अर्थ राहत नाही. म्हणून सेंडर विकत घेताना «पिकअपचा द्या» एवढं म्हणून भागत नाही. जुना काढून सोबत न्या. मीटर तुमच्या गाडीचं मूळचं आहे का, हेही वायरमनकडून बघून घ्या.

काका घाटाबद्दल बोलले ते खरं आहे. चढावर गाडीचं नाक वर होतं आणि टाकीतलं डिझेल मागे सरकतं. फ्लोट टाकीच्या मागच्या अंगाला असेल तर तिथली पातळी वाढते आणि काटा वर जातो. उतारावर उलट होतं. शिंदवणे घाटासारख्या चढात हे सहज दिसतं, विशेषतः टाकी अर्धी असताना. रोज गाडीत बसणाऱ्या माणसाने पाहिलेली गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली. ती पळवाट ठरली याचं वाचताना मला वाईट वाटलं.

आता पंप. ५५ च्या टाकीत ५८ लिटर कसे बसले, हा प्रश्न पुण्यात पंपांवर रोज कोणी ना कोणी भांडून विचारतं. तुमच्या बाबतीत पहिलं उत्तर असं की ती टाकी पुस्तकातली नाहीच. पुस्तकातले ५५ लिटर मूळ टाकीचे, आणि ती तर भंगारात गेली. पण मूळ टाकी असती तरी मी लगेच पंपावर बोट ठेवलं नसतं. पुस्तकातला आकडा टाकीचं अख्खं पोट सांगत नाही. डिझेल तापून फुगतं, त्याला वर मोकळी जागा लागते, आणि ती जागा सोडूनच आकडा दिलेला असतो. शिवाय भरायच्या नळीत काही डिझेल मावतं. तोंडापर्यंत भरलं की ही सगळी जागा भरते आणि पावतीवरचा आकडा पुस्तकाच्या पुढे जातो.

तोंडापर्यंत भरायची सवय मात्र सोडा. डिझेल दर अंशाला हजारी ०.८ च्या आसपास फुगतं. ५५ लिटर डिझेल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून थंड आलं आणि मे महिन्याच्या उन्हात पंधरा अंशांनी तापलं तर अर्धा-पाऊण लिटर जास्तीचं होतं. त्याला जागा नसली तर ते झाकणातून बाहेर येतं आणि तुमच्या कुंड्यांना वास लागतो. उलट बाजूने, तळाचं थोडं डिझेल कधीच इंजिनला मिळत नाही, कारण ओढणारी नळी गाळ येऊ नये म्हणून तळापासून जराशी वर ठेवलेली असते. त्यामुळे टाकीत किती मावतं आणि त्यातलं किती जळतं हे दोन वेगळे आकडे आहेत. तुम्हाला दुसरा हवा.

पंपाची शंका असेल तर ती तिथेच फेडून घेता येते. प्रत्येक पंपावर ५ लिटरचं माप असतं, वैधमापन खात्याने तपासून शिक्का मारलेलं. कोणीही ग्राहक त्यात ५ लिटर ओतून दाखवायला सांगू शकतो, त्याला पैसे पडत नाहीत. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंत फरक कायद्याने चालतो. तुमचे तीन लिटर पंपाने खाल्ले असते तर ५३ लिटरमागे ३, म्हणजे ५ लिटरच्या मापात पाव लिटरहून जास्त तूट दिसली असती. एवढी तूट कोणाच्याही डोळ्यांतून सुटत नाही. दिरांना घेऊन एकदा जा, शांतपणे माप मागा, आणि डिझेल सोडण्याआधी मीटर शून्यावर आहे हे दोघं बघा. माप बरोबर आलं तर पंपाचा विषय घरात बंद करा. कमी आलं तर तक्रारवही मागा आणि वैधमापन खात्याकडे जा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिलं काम हिशोबाचं, त्याला एक रुपयाही लागत नाही. «दोन हजारांचं टाका» ही पुण्यातल्या प्रत्येक छोट्या धंद्याची सवय आहे, तुमच्याकडेही असेलच. रुपयांनी डिझेल टाकून काट्याकडे बघत ॲव्हरेज काढता येत नाही. नव्वदच्या आसपासचा भाव धरला तर दोन हजारांत बावीस लिटर येतं, आणि तुमच्या गाडीत त्याच बावीस लिटरने काटा कधी भरपूर चढेल, कधी जागचा हलणार नाही, टाकीत आधी किती होतं त्यावर. यापुढे फुल ते फुल मोजा. एकच पंप ठरवा, शक्यतो एकच नोझल, आणि गाडी दर वेळी त्याच जागी सपाट उभी करा. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. डिझेलने ते झाकलं की आतली हवा तुटते आणि नोझल आपोआप बंद होतं, त्यालाच आपण ऑटो कट म्हणतो. डिझेलला फेस येतो, त्यामुळे पहिला कट कधी लवकर येतो. म्हणून सावकाश भरायला सांगा, कट आला की मिनिटभर थांबा, फेस बसला की पुन्हा एकदा कटपर्यंत भरा, आणि बस. पैसे गोल करायला वर ओतू देऊ नका. वहीत तीनच रकाने: तारीख, किलोमीटर, लिटर. रुपये वेगळ्या पानावर.

किलोमीटरचं मीटर खरं बोलतं का हेही एकदा बघून घ्या, कारण जुन्या गाडीत केबल आणि टायर दोन्ही फसवतात. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर मीटर कमी किलोमीटर दाखवतं आणि ॲव्हरेज विनाकारण पडलेला दिसतो. तुम्ही सोलापूर रस्त्यावरच राहता. किलोमीटरच्या दगडांशी वीसेक किलोमीटर ताडून बघा, किंवा मोबाइलच्या नकाशावरचं अंतर शेजारी ठेवा. शंभराला दोन-तीन इकडे-तिकडे झाले तर सोडून द्या.

दोन टाक्या काकांनी एकट्याने चालवाव्यात, एका टाकीत दीर शेजारी बसावेत. रस्ता आणि माल साधारण तोच असू द्या. तिन्ही वेळा लिटरला दहाच्या मागे-पुढे आलं तर चोरीचा विषय संपला. दीर सोबत असताना आकडा ठळक वाढला, म्हणजे बारा-साडेबारावर गेला, तरच पुढे विचारण्यासारखं काही आहे. आणि विचारण्याआधी गळती बघा: टाकीचा सांधा, फिल्टरची जोडणी, इंजिनकडून टाकीकडे परत येणारी रिटर्न लाइन. डिझेल झिरपतं तिथे धूळ ओली होऊन चिकटते, बोट लावलं तरी कळतं. टाकी गळत असली तर तिला गाडीवरच वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ भडकून माणसं भाजली आहेत. ब्रेक धरून राहतोय का, एअर फिल्टर चोंदलाय का, सोसायटीच्या गेटवर इंजिन तासभर चालू राहतं का, हेही बघा. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर सहज पितं.

दुसरं काम सेंडरचं. चांगल्या वायरमनकडे जा आणि त्याला टाकी बदलल्याचं आधीच सांगा, नाहीतर तो मीटर बदलून पैसे घेईल आणि काटा होता तसाच राहील. वायरमन सेंडरची वायर काढून बघेल. वायर मोकळी असताना काटा एका टोकाला आणि क्षणभर अर्थला, म्हणजे गाडीच्या उघड्या पत्र्याला, टेकवल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष टाकीत. वायर जास्त वेळ टेकवून ठेवली तर जुनं मीटर जळू शकतं, आणि उघड्या टाकीजवळ ठिणगी पडता कामा नये. डिझेल पेट्रोलसारखं पटकन पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते, किमान ३५ अंश ठरवलेला आहे, आणि पुण्यात एप्रिलच्या दुपारी टाकीचा पत्रा त्याच्या वर तापतो. हे काम सकाळी, मोकळ्यावर करा, आसपास बिडी-काडी नको.

दोन खुणा आणखी सांगतो, वायरमनला उपयोगी पडतील. हेडलाइट लावल्यावर डिझेलचा काटा हलत असेल तर अर्थची जोडणी खराब आहे. टाकी ज्या पट्ट्यांवर बसते त्या गंजल्या की असं होतं, नवी टाकी बसवताना रंगावरच अर्थ आवळला तरीही होतं. आणि डिझेलचा आणि टेम्परेचरचा असे दोन्ही काटे एकदमच चुकत असतील तर सेंडर सोडून मीटरच्या मागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघायला सांगा, जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये दोघांना तो एकच असतो. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, तरी सेंडर काढण्याआधी दोन मिनिटं लागतात.

सेंडर बाहेर काढल्यावर दांडी खालच्या अडणीवर टेकवून फ्लोट किती खोल जातो ते मोजा, आणि त्याच भोकातून स्वच्छ कोरडी पट्टी सोडून टाकीची खोली मोजा. फ्लोट तळापासून चार बोटं वरच अडत असेल तर माझा अंदाज बरोबर आहे. फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत डिझेल खळखळलं तर तो फुटलाय. रेझिस्टन्सच्या पट्टीवर काळा, खरवडलेला भाग दिसला तर तीही गेली. नवा सेंडर नाना पेठेत शोधा, टाकीची खोली आणि मीटरचे ओहम कागदावर लिहून. जुळणारा मिळाला नाही तर जाणकार माणूस दांडीची लांबी आणि बाक बदलून देऊ शकतो. जुन्या बाजारातला वापरलेला सेंडर मात्र घेऊ नका. झिजलेल्या पट्टीवर पुन्हा मजुरी घालण्यात अर्थ नाही, टाकी दुसऱ्यांदा उघडावी लागते.

मग एका दुपारी, पंपावर गर्दी नसताना, टाकी अगदी कमी असताना जा. तळात किती उरलंय ते आधी पट्टीने बघून ठेवा. पाच-पाच लिटर टाकायला सांगा. दर वेळी चावी चालू ठेवून काटा स्थिर होईपर्यंत थांबा. पातळी हिंदकळली तरी काटा नाचू नये म्हणून मीटर मुद्दाम संथ केलेलं असतं, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. काटा कुठे थांबला ते लिहा. भरून झाल्यावर तुमच्या टाकीचा खरा तक्ता तुमच्याकडे असेल: काटा इथे म्हणजे इतके लिटर. तो काकांच्या समोर डॅशबोर्डावर चिकटवा.

हे सगळं होईपर्यंत काटा नाही असं समजून गाडी चालवा. फुल केल्यावर ट्रिप मीटर शून्य करा, आणि चारशे किलोमीटर झाले की भरा, काटा काहीही म्हणो. तुमच्या हिशोबाने तेव्हा सोळा-सतरा लिटर शिल्लक असेल. डिझेल गाडी कोरडी करणं महागात पडतं. लाइनमध्ये हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून गाडी चालू होत नाही, फिल्टरवरच्या हातपंपाने डिझेल ओढून स्क्रूमधून हवेचे बुडबुडे जाईपर्यंत एअर काढावी लागते. तुमचं इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल फवारणारं, असेल तर धोका मोठा, कारण त्यातल्या हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण मिळतं आणि कोरडा फिरला की तो घासला जातो. बंद पडलेल्या गाडीला सतत स्टार्टर मारत राहू नये, हे काकांनाही सांगून ठेवा. आणि परवा टाकी तळापर्यंत गेलीच आहे, तीही जुनी टाकी, तेव्हा फिल्टर उघडून बघा. खाली पाणी आणि गंजाचा चिखल बसला असेल तर फिल्टर आत्ताच बदला.

गाडी विकायचं म्हणाल तर या कारणाने नको. इंजिन धूर टाकत नसेल, पासिंग दरवर्षी होत असेल आणि ॲव्हरेज दहाचा असेल तर गाडी तुमचं काम करते आहे. सेंडर आणि वायरमनची मजुरी हा विकण्याइतका खर्च नाही.

राहिले काका. ही मोजणी त्यांच्या पाठीमागे करू नका. त्यांना बसवून सांगा की काट्याबद्दल ते म्हणाले ते बरोबर निघालं, आणि आता टाकी मोजायची आहे, त्याला त्यांची मदत लागेल. वहीतले किलोमीटर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. घरात त्यांच्याबद्दल काय बोललं गेलं ते त्यांच्या कानावर गेलं असेल, तर दिरांनी स्वतः त्यांच्याशी बोलावं. तुम्ही मध्ये पडून गोड शब्दांत सांगितलेलं त्याला पुरणार नाही. दिरांना वरचा ३५, ६ आणि १६ लिटरचा हिशोब कागदावर करून दाखवा. तुमच्यासारखेच तेही आकड्यांवरून बोलणारे दिसतात, पटेल त्यांना.

सेंडर काढला की त्याचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून, आणि टाकीवर कुठे नंबर कोरला असेल तर तो, एवढं पाठवा. कुठल्या मॉडेलची टाकी आहे हे त्यावरून कळलं तर जुळणारा सेंडर शोधायला सोपं जाईल.